बिऱ्हाड पाठीवर

मुंबईत पागडी न भरता राहिलेला एकच भाडेकरू मला ठाऊक आहे. त्याच्या नावाची भाडेपावती नाही, रेशनकार्ड नाही, आणि तरी गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या जुन्या खोल्यांतून त्याला कुणी कायमचं बाहेर काढू शकलेलं नाही. तुमच्याही घरात तो असणार. छताच्या कोपऱ्यात, कपाटामागे, मोरीच्या दाराच्या चौकटीवर नजर टाका. करड्या रंगाचं, चपटं, दोन्ही टोकांना निमुळतं, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचं काहीतरी भिंतीला चिकटलेलं दिसेल. थेट भोपळ्याची बी. रंगाचा पोपडा सुटला असावा असं वाटतं. थोड्या वेळाने बघावं तर पोपडा वीतभर वर सरकलेला असतो!

लालबागला आमच्या आजोळी त्याला "भोपळ्याची बी" असंच म्हणायचे. बाकीच्या घरांत बहुतेक नुसतंच "किडा". एवढ्या जुन्या सोबत्याला आपण धड नावही दिलं नाही. "कसर" हा शब्द आहे, पण तो लोकर खाणाऱ्या अळीपासून पुस्तकं कुरतडणाऱ्या चंदेरी किड्यापर्यंत सगळ्यांना सरसकट लावतात. (त्याच शब्दाचा दुसरा अर्थ उणीव. कसर लागली की कसर राहतेच..)

तर त्या बीच्या आत एक अळी असते. अंग पांढरट, डोकं आणि त्यामागचा थोडा भाग काळपट आणि टणक. डोकं आणि पुढचे सहा पाय बाहेर काढायचे, भिंतीला धरायचं आणि मागून सगळं घर ओढून घ्यायचं, अशी तिची चाल. धक्का लागला की आत शिरून टोक ओढून घेते. घराला दोन्हीकडे दारं आहेत, मधे रुंदी आहे, त्यामुळे आतल्या आत वळून ती मागच्या दारानेही निघू शकते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर अशी म्हण आहे खरी, पण विंचवी पाठीवर पिल्लं वागवते. घर वागवते ती ही.

आणि हे घर ती स्वतः बांधते, आमच्या पूर्वजांपेक्षा कमी जागेत. अंड्यातून निघालेली अळी आधी रेशमाच्या धाग्याची एक कमान उभारते, दोन्ही टोकं जमिनीला टेकलेली. कमानीवर बाहेरून धुळीचे, वाळूचे कण चिकटवते. मग कमान वाढवत वाढवत तिचा बोगदा करते, खालची बाजू मिटवते, आणि झाली खोली तयार. आतून रेशमाचं अस्तर, बाहेरून जे मिळेल ते. वाळू, माती, गंजाचे कण, केस, धागे, मेलेल्या किड्यांचे तुकडे. अंग वाढेल तशी दोन्ही टोकांना भर घालत जायची. पुरी वाढ झाली की घराची लांबी ८ ते १४ मिलिमीटर, रुंदी ३ ते ५. म्हाडाच्या नियमात बसणारी नाही, पण मालकीची.

हिच्या आयुष्याचा नीट हिशोब मांडला तो पनामात. अ‍ॅनेट आयेलो या कीटकअभ्यासक बाईंनी १९७९ साली या अळ्या वाढवून त्यांची दिनचर्या प्रसिद्ध केली. मादी भिंत आणि जमीन जिथे मिळतात अशा फटींत कचऱ्याला चिकटवून अंडी घालते, एकूण दोनशेपर्यंत. अंडं फुटायला दहाएक दिवस. अळीपण सुमारे पन्नास दिवसांचं, त्यात ती सहा-सात टप्प्यांनी वाढते. मग घर भिंतीला टोकाशी घट्ट बांधून आतच कोशात जायचं, तिथे सरासरी सोळा दिवस. शेवटी एक बारकासा करडा पतंग बाहेर पडतो, पंखांवर काळपट ठिपके आणि कडेला झालर असलेला. या घराण्यातले पतंग मोठेपणी जवळपास काही खातच नाहीत. ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणाऱ्याला चप्पल मारून कपडे वाचले असं कुणी समजू नये. खाणारं पोर मागे, अंधारात असतं.

सगळी बेरीज अडीच महिन्यांच्या आसपास जाते. आपल्याकडे जळमटं काढायची ती दसरा-दिवाळीच्या आधी, वर्षातून एकदा. म्हणजे दोन साफसफायांच्या मधे त्यांच्या चार पिढ्या सुखाने नांदून जातात. आणि जळमटांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण जळमटं हेच या अळीचं आवडतं अन्न. कोळ्याने (जाळं विणणाऱ्या, ससून डॉकवरच्या नव्हे) टाकून दिलेलं जुनं जाळं ही खाते. तेही प्रथिनच. शिवाय मेलेले किडे आणि लोकर. अगदीच काही नसलं तर भाऊबंदांची घरं कुरतडते. हा शेवटचा गुण मुंबईत आल्यावर लागला की आधीपासून होता, कोण जाणे.

आता हिचं मूळ गाव. फेरिओइका नावाच्या वंशातली ही मंडळी. यातल्या एका जातीला, अल्युटेलाला, १८९२ साली रेबेल यांनी नाव दिलं ते कॅनरी बेटांवरच्या नमुन्यांवरून. दुसरीला, युटेरेलाला, १८९७ साली लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी. दोघींना त्या काळी दुसऱ्या वंशांत घातलं होतं. १९५६ मध्ये हिंटन आणि ब्रॅडली यांनी त्यांच्यासाठी वेगळा वंश केला. अमेरिकेत फ्लोरिडा-लुइझियानाच्या दमट किनाऱ्याला, खाली ब्राझील-गयानापर्यंत, इकडे हवाई, सामोआ, सेशेल्स, श्रीलंका आणि भारत अशा नोंदी आहेत. भिंतीवरचा फोटो बघून दोघींपैकी कोण हे सांगता येत नाही, त्यासाठी पतंगाची सूक्ष्मदर्शकाखाली चिरफाड लागते. पण यादीतली गावं वाचा. सगळीकडे समुद्र आणि सगळीकडे ओल. कोरड्या हवेत ही टिकत नाही. भिंतीला चिकटणारं बंद घर खोक्याला आणि गलबताच्या फळीलाही चिकटतं, तेव्हा बंदराबंदरांतून ती फिरली असणार हा तर्क करायला फार विद्वत्ता लागत नाही. आमच्यासारखीच ती बहुधा बाहेरून मुंबईत आली. वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस, उन्हं न येणाऱ्या खोल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात जळमट. परत कशाला जाईल?

युटेरेलाला नाव मिळालं त्या १८९७ साली मुंबईच्या भिंती पांढऱ्या होत होत्या, हा निव्वळ योगायोग. आदल्या वर्षी सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता आणि सरकारी पथकं घराघरात शिरून जंतुनाशक शिंपडत होती, भिंतींना चुना फासत होती, उजेड यावा म्हणून कौलं काढत होती. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या चाळी झाल्या. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हाफकिनसाहेबांची प्रयोगशाळा गेली. १९२० नंतर बीडीडी चाळी. आपण याला आरोग्याचा, घरबांधणीचा इतिहास म्हणतो. भिंतीपुरतं बघितलं तर तो थरांचा इतिहास आहे. चुन्यावर चुना, चुन्यात कधी नीळ, मग डिस्टेंपर, मग ऑइलपेंट, मग लग्नाच्या आधी घाईघाईने मारलेला आणखी एक हात. पावसाळ्यात ओल धरली की हे सगळे थर एकत्रच पोपडे होऊन खाली येतात. आणि खाली, फरशीच्या कडेला, भोपळ्याची बी बांधकामाचं सामान शोधत फिरत असते.

लालबागची आमची खोली, दहा बाय बाराची, यंदा रिकामी केली. चाळ पाडून टॉवर होणार. सामान हलवताना मी भिंतीवरच्या तीन बिया काडेपेटीत घालून आणल्या. (मामीने माझ्याकडे बघितलं ते इथे लिहीत नाही.) घरी दहापटीच्या भिंगाखाली ठेवल्या. खिडकीजवळची जवळजवळ सगळी सिमेंटी करडी, बहुधा समोरच्या बांधकामाची धूळ. मोरीजवळचीवर तांबूस कण, वीट किंवा गंज. तिसरी देवघराच्या खालची. तिच्यावर पांढरा चुना होता, निळसर कण होते, एक पोपटी टवका होता, आणि टोकाशी दोन-तीन गुलाबी ठिपके. गुलाल असेल, लालबागमध्ये तो फटीफटीत सापडतो. पोपटी ऑइलपेंट मामाच्या लग्नात, १९७८ साली मारलेला, हे घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण तो रंग कुणालाच आवडला नव्हता. निळसर चुना त्याच्या आधीचा. पन्नास दिवसांची अळी, आणि तिच्या छपरावर निदान पन्नास वर्षांपूर्वीचा चुना. खोलीची सगळी वर्षं तिने एका सेंटिमीटरात कालवून टाकली होती, फक्त क्रम लावला नव्हता.

क्रम लावणारी तिची चुलत बहीण मला पेटीत भेटली.

ही कपड्यांची खरी कसर. हिचं घर चपटं नसतं, तांदळाच्या दाण्यासारखं गोल आणि मऊ असतं, कारण ते ती खात असलेल्या लोकरीचंच विणलेलं असतं. टिनिया पेलिओनेला हे नाव लिनिअसने १७५८ साली दिलं. लॅटिनमध्ये पेलिओ म्हणजे कातडी-फरचा व्यापारी, म्हणजे नाव ठेवताना त्याच्या डोळ्यांपुढे युरोपातली फरची दुकानं असणार. पुढे जिथे जिथे घर वागवणारी कसर दिसली तिथे तिथे हेच नाव चिकटवलं गेलं. १९७९ साली गेडन रॉबिन्सन यांनी जगभरचे नमुने तपासून दाखवलं की या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या जाती नांदत होत्या. उष्ण देशांत आढळते ती बरेचदा टिनिया ट्रान्सल्युसेन्स, मेयरिक यांनी १९१७ साली नाव दिलेली. त्यामुळे भारतातल्या जुन्या याद्यांत पेलिओनेला दिसली की जरा थांबून वाचावं.

लोकर, केस, पिसं, शिंगं हे सगळं केराटिन. फार थोड्या प्राण्यांना ते पचतं, त्यात ही एक. कापूस तिला पचत नाही. गिरणगावाच्या दृष्टीने ही मोठी गंमत आहे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला गिरणी काढली तेव्हापासून इथे सव्वाशे वर्षं हवेत कापूस उडत होता, माणसांच्या केसांत आणि फुप्फुसांत जात होता, आणि कपडे खाणारी म्हणून बदनाम असलेली अळी त्यातला तंतू खाऊ शकत नव्हती. कापडाच्या गावात ती उपाशी. तिला हवं ते पेटीच्या तळाशी असायचं. काशीयात्रेला घेतलेली शाल, कुणाचा तरी कोट, वाजवायच्या पेटीतलं फेल्ट. (गिरगावात ज्यांच्या घरी बंद पडलेली पेटी आहे त्यांनी एकदा आत बघावं.) भायखळ्याच्या संग्रहालयात, आताच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, १८८३ साली आठ जणांनी जमून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांच्यासारख्या संग्राहकांना तर हिची धास्तीच. पिसं आणि कातडी म्हणजे तिला पंचपक्वान्न. म्हणून त्या काळी पक्ष्यांच्या कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण चोळत.

गिरणगावात लोकर आली ती मुख्यतः घाटावरून, कामगारांच्या खांद्यावर. घोंगडी. माझे पणजोबा माणदेशातून गिरणीत आले ते एक वळकटी आणि एक काळी घोंगडी घेऊन. दख्खनी मेंढरांची लोकर, चिंचोक्याची खळ, उभी केली तर उभी राहील अशी. पहिली काही वर्षं ते आणि आणखी बारा-पंधरा जण एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत. पुढे आजोबाही त्याच गिरणीत, साचाखात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कित्येक पुन्हा कधी आत गेले नाहीत. आजोबा त्यातलेच. घोंगडी त्याच सुमारास लोखंडी पेटीत गेली आणि पेटी माळ्यावर. आजीने वेखंड घातलं होतं, डांबराच्या गोळ्या घातल्या होत्या. गोळ्या उडून गेल्या, वेखंडाचा वास गेला, आणि पेटीचं झाकण कधीच नीट बसत नव्हतं.

पेटी उघडली तर घोंगडीला ठिकठिकाणी भोकं. आणि घड्यांमधे ते काळे दाणे, शहाजिऱ्याएवढे, काही जरा मोठे. रिकामी घरं, मालक केव्हाच उडून गेलेले. काळ्या लोकरीवर काळंच घर, यात नवल नाही. पण एक घर तसं नव्हतं. मधोमध काळं आणि दोन्ही टोकांना लाल.

इथे मला अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच माणसाची आठवण झाली. रेओम्यूर, ज्याच्या नावाने तापमानाचं एक माप होतं तोच. कीटकांवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचा तिसरा खंड १७३७ चा. त्यात त्याने या कसरींवर केलेले प्रयोग आहेत. एका रंगाच्या लोकरीवर वाढलेली अळी उचलून तो दुसऱ्या रंगाच्या कापडावर ठेवी. अळी घर टोकांना वाढवते, तेव्हा नवा पट्टा नव्या रंगाचा पडायचा. घर अंगाला घट्ट झालं तर ती बाजूने उभी चीर देते आणि मधे नवी पट्टी घालते, अगदी शिंपी परकराला ठिगळी घालतो तशी, तीही नव्या रंगाची. म्हणजे पट्टे बघून अळी आधी कुठे जेवली आणि नंतर कुठे, ते वाचता येतं. मधलं जुनं, टोकाचं नवं.

तर आमच्या पेटीतल्या त्या अळीने आधी घोंगडी खाल्ली, मग काहीतरी लाल लोकरीचं. पण पेटीत लाल लोकरीचं काहीच नव्हतं. घोंगडी, आजीचं एक नऊवारी लुगडं (सुती, शाबूत), पितळेचा डबा, गिरणीची काही कागदपत्रं. बस. मी सगळं दोनदा झटकून बघितलं.

मामाला विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे लाल स्वेटर कुणाचाच नव्हता, मुंबईत स्वेटर घालतो कोण? आईलाही आठवेना. मग मोठ्या मावशीला दादरला फोन केला. ती ऐंशीच्या पुढे आहे. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "टोपडं असेल."

आमच्या आजीला मावशीच्या आधी एक मुलगा झाला होता. हे आम्हा नातवंडांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. तो चार महिन्यांचा असताना गेला. मावशीने त्याला पाहिलेलं नाही, पण आजीने त्याच्यासाठी विणलेलं लाल टोपडं पेटीत तळाशी असायचं, आणि लहानपणी त्याला हात लावलेला आजीला चालत नसे, एवढं तिला आठवतं. ते कधी नाहीसं झालं ते तिला माहीत नाही. आजीने काढून दिलं असेल कुणाला, किंवा त्यात उरलंच नसेल काही. त्या मुलाचा फोटो नाही. नाव मावशीने सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

घोंगडीचं काय करायचं यावर घरात दोन मतं होती, ती आता मिटली आहेत. संग्रहालयांत हल्ली विषाऐवजी थंडी वापरतात. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे अठरा-वीस अंशांत एक-दोन आठवडे ठेवली की अंडी-अळ्या सगळं मरतं. (डांबराच्या गोळ्या तान्ह्या मुलांच्या कपड्यांत मुळीच घालू नका, काही बाळांच्या रक्ताला त्यांची वाफ बाधते. आमच्या घरात आता एक तान्हं आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.) मामीने फ्रीजर रिकामा करून दिला, त्यात अर्धीच घोंगडी मावली. उरलेली कापायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ती घडी उलटी करून आणखी दोन आठवडे ठेवायची ठरली आहे. तोवर बोंबील शेजाऱ्यांकडे.

ते लाल टोकांचं घर मी वेगळ्या डबीत कापसावर ठेवलंय. रविवारी मावशीकडे घेऊन जायचंय. भिंग आणायला विसरू नकोस, असं तिने दोनदा सांगितलं आहे.